‘हेझिटेट’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ, त्याचा वापर आणि त्याची मराठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात काम करणाऱ्या तरुण अभियंत्याने परदेशी पुरवठादाराला पाठवायच्या ईमेलमध्ये ‘आय ॲम हेझिटेटिंग फॉर युअर प्रपोजल’ असे वाक्य लिहिले. वरिष्ठांनी ते खोडले, पण चूक नेमकी कोठे आहे हे सांगितले नाही. ‘हेझिटेट’ म्हणजे संकोच करणे असे आपण शाळेत शिकलो, मग हे वाक्य का चुकले, हा शब्द कोठे वापरावा, आणि ‘डाउट’, ‘शाय’, ‘रिलक्टंट’ या शब्दांपासून तो वेगळा कसा ओळखावा, असे त्यांनी विचारले आहे. मी नाशिकमध्ये अनेक वर्षे इंग्रजी शिकवतो आणि न्यायालयीन व व्यापारी कागदपत्रांची भाषांतरेही करतो. या दोन्ही कामांत हा शब्द वारंवार समोर येतो, आणि तो जितका सोपा वाटतो तितका नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

आधी मूळ अर्थ पाहू. ‘हेझिटेट’ हे क्रियापद एवढेच सांगते की, एखादी व्यक्ती काही करणार किंवा बोलणार होती आणि त्याआधी ती थबकली. कृती अजून झालेली नाही आणि रद्दही झालेली नाही. ती का थबकली, हे हा शब्द सांगत नाही. भीतीने, लाजेने, आदराने, शंकेने, नाखुशीने, किंवा शब्द आठवेना म्हणून, कारण काहीही असू शकते, आणि इंग्रजी वाचक ते मागच्यापुढच्या वाक्यांवरून ओळखतो. मराठीत मात्र या अर्थाच्या जवळजवळ प्रत्येक शब्दाच्या पोटात कारण दडलेले असते. संकोचात लाज किंवा समोरच्याचा मान असतो, भिडेत नात्याचे दडपण असते, कचरण्यात आणि कच खाण्यात भीती असते. का-कू करणाऱ्याच्या मनात ते काम करायचे नसते, तर आढेवेढे घेणाऱ्याच्या मनात बहुधा करायचे असते, फक्त आग्रह व्हावा अशी अपेक्षा असते. चलबिचल ही दोन विचारांमधली असते. अडखळते ती जीभ, घुटमळतात ते पाय, आणि धजत नाही ते मन. त्यामुळे ‘हेझिटेट म्हणजे संकोच करणे’ हे समीकरण अनेक प्रसंगांपैकी एकाच प्रसंगाला पुरते. हा शब्द मराठीत आणताना पहिला प्रश्न ‘ही व्यक्ती का थांबली?’ हाच असला पाहिजे, आणि मराठीतून इंग्रजीत जाताना उलटा प्रश्न विचारावा लागतो: थांबण्याचे जे कारण मराठी शब्दात आपोआप आले होते, ते इंग्रजीत वेगळे सांगायला हवे का?

शब्दाचे मूळ लॅटिन आहे. ‘चिकटणे’ या अर्थाच्या ‘हेरेरे’ या धातूपासून ‘हेसितारे’ हे रूप बनले. अडकून राहणे, बोलताना अडखळणे आणि मनाचा निश्चय न होणे असे तिन्ही अर्थ त्याला लॅटिनमध्येच होते. ‘ॲडहीअर’, ‘कोहीअर’ आणि ‘इनहेरंट’ हे इंग्रजी शब्दही याच कुळातले आहेत. हेझिटेट करणारा माणूस जागच्या जागी चिकटतो, मागे फिरत नाही, एवढे यातून ध्यानात ठेवावे.

हा फरक प्रत्यक्षात कसा काम करतो हे दाखवण्यासाठी मी विद्यार्थ्यांना लासलगावच्या कांदा बाजारातला प्रसंग डोळ्यांसमोर आणायला सांगतो. निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने उन्हाळ कांदा चाळीत काही महिने राखून ठेवला आहे. आज त्याने ट्रॅक्टरची ट्रॉली भरून लिलावात आणली आहे, आणि व्यापाऱ्याची शेवटची बोली त्याने मनात धरलेल्या भावापेक्षा क्विंटलमागे शंभर-सव्वाशे रुपयांनी कमी आली आहे. व्यापारी त्याच्याकडे पाहतो आहे, मागे ट्रॅक्टरांची रांग आहे, आणि शेतकरी काही बोलत नाही. या क्षणाला ‘द फार्मर हेझिटेटेड’ हे वाक्य अचूक लागू पडते. तो मनातल्या मनात हिशेब करत असेल, उद्या भाव आणखी पडेल या धास्तीत असेल, किंवा ट्रॉली परत नेण्याचे भाडे मोजत असेल. इंग्रजी वाक्य त्यात शिरत नाही. त्याच्या मनात विकायचे नाहीच हे ठरले असेल, पण पैशाची नड असल्याने तो तयार होत असेल, तर शब्द बदलतो: ‘ही वॉज रिलक्टंट टु सेल’. आणि तो आधी ‘देतो’ म्हणाला, मग ‘नको’ म्हणाला, मग पुन्हा विचारात पडला, तर ‘ही वेव्हर्ड’. बाजार तोच, माणूस तोच, बोलीही तीच, पण तिन्ही वाक्यांत त्याच्या मनाची अवस्था निराळी आहे.

मराठीत हेच सांगताना पहिल्या प्रसंगाला मी ‘शेतकरी क्षणभर थबकला’ असे म्हणेन, दुसऱ्याला ‘त्याचे मन घेत नव्हते’ आणि तिसऱ्याला ‘त्याची चलबिचल झाली’. यांपैकी एकाही ठिकाणी ‘संकोच’ बसत नाही. भाव कमी आला म्हणून शेतकऱ्याला संकोच वाटला असे कोणी म्हणत नाही. भाषांतर म्हणून असे वाक्य छापले गेले, तर वाचक ते वाचेल, पण त्याला तो शेतकरी दिसणार नाही.

आता व्याकरण, कारण प्रश्नातल्या ईमेलमधली चूक तेथेच आहे. ‘हेझिटेट’ हे अकर्मक क्रियापद आहे, त्यामुळे त्याला थेट कर्म लावता येत नाही. त्याच्या पुढे बहुधा ‘टु’ आणि मूळ क्रियापद येते, जसे ‘आय हेझिटेट टु ॲक्सेप्ट’. विषय सांगायचा असेल तर ‘ओव्हर’ किंवा ‘अबाउट’ येते, जसे ‘ही हेझिटेटेड ओव्हर द प्राइस’. कृतीच्या आधीचा क्षण दाखवायचा असेल तर ‘बिफोर’ आणि ‘इंग’ असलेले रूप येते. ‘एखाद्या प्रस्तावाबद्दल थांबलो आहे’ या अर्थाने ‘फॉर’ चालत नाही. मराठीतल्या ‘साठी’ची सवय आपल्याला तेथे नेते. ‘हेझिटेट फ्रॉम डूइंग’ हेही चूक आहे, आणि ते ‘रिफ्रेन फ्रॉम’ या वेगळ्या प्रयोगाच्या प्रभावाने येते.

आपल्याकडे सर्वांत जास्त ऐकू येणारी चूक मात्र निराळी आहे. आपण मराठी बोलताना ‘मला जरा हेझिटेट होतं’ असे सर्रास म्हणतो. मिश्र बोलीत ते रुळले आहे आणि मला त्यात गैर वाटत नाही, कारण परके क्रियापद घेऊन त्याला ‘होणे’ किंवा ‘करणे’ जोडण्याची मराठीची जुनी रीत आहे. अडचण होते ती हेच वाक्य जसेच्या तसे इंग्रजीत उचलले की. मग ‘आय फील हेझिटेट’ असे वाक्य तयार होते, आणि मुलाखतींत ते फार वेळा ऐकू येते. ‘फील’च्या पुढे येथे विशेषण हवे, म्हणून ‘आय फील हेझिटंट’ म्हणावे, नाहीतर ‘फील’ काढून टाकून सरळ ‘आय हेझिटेट’ म्हणावे.

एक बारीक फरक मी येथे मुद्दाम सांगतो, कारण करारनामे आणि जबाब यांत त्याला वजन असते. ‘ही हेझिटेटेड टु साइन’ आणि ‘ही हेझिटेटेड बिफोर साइनिंग’ ही वाक्ये सारखी दिसतात. दुसऱ्या वाक्यात सही झाली आहे असे वाचक धरून चालतो, फक्त तिच्याआधी माणूस थांबला होता. पहिल्या वाक्यात सही झाली की नाही हे उघडे राहते, आणि पुढे काही सांगितले नसेल तर कल ‘झाली नाही’ याकडे असतो. मराठीत पहिल्यासाठी ‘सही करायला तो कचरत होता’ किंवा ‘सही करायला त्याने का-कू केली’ आणि दुसऱ्यासाठी ‘सही करण्यापूर्वी तो क्षणभर थांबला’ असे लिहिले, तर हा फरक शाबूत राहतो. दोन्हींसाठी ‘त्याने सही करताना संकोच केला’ लिहिले, तर सही झाली का, हा मुख्य प्रश्नच वाहून जातो.

प्रश्नकर्त्यांच्या ईमेलकडे या दृष्टीने पाहिले तर ‘फॉर’ बदलून ‘अबाउट’ केल्याने वाक्य व्याकरणात बसेल, पण काम होणार नाही. समोरचा पुरवठादार लगेच विचारेल, कशाबद्दल आणि का? प्रस्तावावर अजून विचार चालू असेल, तर ‘वुई आर स्टिल कन्सिडरिंग युअर प्रपोजल’ असे लिहावे, तेथे ‘हेझिटेट’ची गरजच नाही. प्रस्ताव आवडला आहे पण माल पोहोचवण्याच्या अटी खटकत आहेत, असे असेल तर ‘वुई आर हेझिटंट अबाउट द डिलिव्हरी टर्म्स’ असे लिहून पुढच्याच वाक्यात कोणती अट आणि का, हे सांगावे. प्रस्ताव नको असेल, तर या शब्दाच्या आड न लपता सौम्य शब्दांत नकार कळवावा. व्यापारी पत्रात कारणाशिवाय आलेले ‘हेझिटेट’ समोरच्याला एवढेच सांगते की हे लोक डळमळीत आहेत, आणि पुढच्या वाटाघाटीत त्याचा तोटा आपल्यालाच होतो.

याच पत्रव्यवहारातले दुसरे वाक्य म्हणजे ‘प्लीज डू नॉट हेझिटेट टु काँटॅक्ट मी’. हे इंग्रजी पत्रांच्या शेवटी इतके ठरून गेलेले वाक्य आहे की त्यातला ‘हेझिटेट’ कोणी वेगळा वाचत नाही. मराठीत ‘निःसंकोच संपर्क साधावा’ हे त्याला उत्तम जुळते, आणि ‘संकोच’ हा शब्द जेथे खरोखर शोभतो अशा मोजक्या जागांपैकी ही एक आहे, कारण येथे थांबण्याचे संभाव्य कारण समोरच्याचा मान हेच आहे. बोलताना आपण ‘खुशाल विचारा’ किंवा ‘केव्हाही फोन करा’ म्हणतो. एक पथ्य मात्र पाळावे. मदत देणारा हे वाक्य लिहितो, मागणारा नाही. आपणच कोणाकडे काम मागत असू आणि शेवटी हे वाक्य टाकले, तर ते उलटे वाटते. तेथे ‘आय लुक फॉरवर्ड टु युअर रिप्लाय’ पुरेसे आहे.

यापुढचा प्रयोग मला विशेष आवडतो, आणि मराठी विद्यार्थी तो बहुधा चुकीचा वाचतात. ‘आय हेझिटेट टु से धिस, बट…’ किंवा ‘आय वुड हेझिटेट टु कॉल इट अ फेल्युअर’ अशी वाक्ये इंग्रजीत, विशेषतः अहवालांत आणि समीक्षेत, पुष्कळ येतात. येथे बोलणारा प्रत्यक्षात थांबलेला नसतो, त्याने आपले मत पक्के केलेले असते. तो ते मत मवाळ करून सांगतो. पहिल्या वाक्यात तो अप्रिय गोष्ट बोलण्याआधी समोरच्याची माफी मागून ठेवतो, आणि दुसऱ्यात ‘हे अपयश नाही’ असे ठामपणे न म्हणता ‘अपयश म्हणणे मला पटत नाही’ असे सुचवतो. आपल्याकडे याला सुंदर जोड्या आहेत. ‘बोलू नये, पण बोलतो’, ‘लहान तोंडी मोठा घास घेतो आहे, पण…’, ‘याला अपयश म्हणायला माझी जीभ रेटत नाही’. घरात वडीलधाऱ्यांपुढे आपण हे रोज करतो. ‘काका, राग मानू नका, पण…’ असे म्हणून जो पुतण्या बोलायला लागतो, त्याला काय बोलायचे हे पूर्ण ठाऊक असते. अशा वाक्यांचे भाषांतर ‘मी हे सांगण्यास संकोच करतो’ असे केले, तर मूळ वाक्यातला ठामपणा नाहीसा होतो आणि लेखक भित्रा वाटू लागतो.

नकारार्थी रूपांतही असाच सापळा आहे. ‘विदाउट हेझिटेशन’ म्हणजे क्षणाचाही विलंब न लावता. त्यात स्तुती आहे की दोष, हे संदर्भ ठरवतो. मराठीत ‘मागचा-पुढचा विचार न करता’ हा प्रयोग जवळचा वाटतो, पण त्यात दोष ठरलेला आहे, तो उतावळेपणा दाखवतो. ‘मागेपुढे न पाहता’ हा प्रयोग मात्र दोन्हीकडे चालतो. बुडणाऱ्याला वाचवायला मागेपुढे न पाहता उडी मारणारा आणि खोटे बोलायला मागेपुढे न पाहणारा, दोघांनाही तो लागतो. गोदावरीच्या पुरात उडी घेणाऱ्या जीवरक्षकाबद्दल ‘ही जम्प्ड इन विदाउट हेझिटेशन’ असे लिहिलेले असताना ‘मागचा-पुढचा विचार न करता उडी मारली’ असे छापले, तर त्या माणसावर अन्याय होतो. नामाचा आणखी एक नेहमीचा प्रयोग ‘आय हॅव नो हेझिटेशन इन रेकमेंडिंग हर’ असा आहे. शिफारसपत्रात तो फार वजनदार मानला जातो. त्यात ‘इन’ आणि ‘इंग’ असलेले रूप येते, ‘टु’ नाही, एवढे पाहावे.

आता शेजारच्या शब्दांकडे येऊ. ‘रिलक्टंट’ वर आलाच. त्याची खूण अशी की, तेथे इच्छा नाही हे ठरलेले असते, तरीही माणूस ते काम करू शकतो. ‘शी रिलक्टंटली ॲग्रीड’ म्हणजे तिने नाइलाजाने होकार दिला. ‘हेझिटंट’ माणसाची इच्छा काय आहे हे अजून ठरायचे असते. ‘शाय’ हा स्वभाव आहे, एका क्षणाची घटना नाही. लाजाळू मुलगी ओळखीच्या माणसांत अजिबात न थबकता बोलू शकते, आणि धीट वकीलही एखाद्या प्रश्नापुढे थबकू शकतो. ‘डाउट’चा संबंध विश्वासाशी आहे, कृतीशी नाही. औषधाच्या गुणाबद्दल शंका असूनही रुग्ण ते न थबकता घेतो, आणि ऑपरेशन यशस्वी होईल याची पूर्ण खात्री असूनही संमतीपत्रावर सही करताना त्याचा हात थबकतो. आपल्याकडे वर्गात ‘आय हॅव अ डाउट’ म्हणजे ‘मला एक प्रश्न विचारायचा आहे’ असा अर्थ रूढ झाला आहे. भारतात तो सर्वांना कळतो, पण इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाला तो आपल्या सांगण्यावर घेतलेला अविश्वास वाटू शकतो. परदेशी ग्राहकाशी बोलताना ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणावे. ‘फाल्टर’ म्हणजे सुरू झालेली गोष्ट मध्येच डगमगणे. भाषण सुरू करण्यापूर्वी वक्ता थांबला तर ‘हेझिटेटेड’, बोलता बोलता आवाज चाचरला तर ‘फाल्टर्ड’. ‘पॉज’ हा सर्वांत कोरा शब्द आहे, त्यात मनाची कोणतीही अवस्था गृहीत नाही.

न्यायालयीन भाषांतरात या कोऱ्या शब्दाचे महत्त्व मला पटले. साक्षीदाराची साक्ष नोंदवताना त्याच्या वागण्याबोलण्याविषयी महत्त्वाचे वाटेल ते न्यायाधीश नोंदवून ठेवू शकतात. जुन्या, म्हणजे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तरतूद कलम २८० मध्ये होती, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ३१५ मध्ये आहे. समजा, अशा नोंदीत ‘द विटनेस हेझिटेटेड’ असे लिहिलेले आहे आणि ते मराठीत आणायचे आहे. ‘साक्षीदार अडखळला’ लिहिले, तर वाचणाऱ्याला वाटते की त्याला बोलता आले नाही. ‘साक्षीदाराने का-कू केली’ लिहिले, तर तो काही लपवत होता असा अर्थ निघतो. ‘साक्षीदार कचरला’ लिहिले, तर त्याच्यावर दबाव असावा असे वाटते. मूळ वाक्यात यांपैकी काहीही म्हटलेले नाही. ते कारण ठरवणे हे न्यायालयाचे काम आहे, भाषांतरकाराचे नाही. म्हणून अशा जागी मी ‘साक्षीदार उत्तर देण्यापूर्वी काही क्षण थांबला’ असेच लिहितो, आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या तरुण भाषांतरकारांनाही तेच सांगतो. वाक्य रुक्ष होते, पण एका माणसाची विश्वासार्हता त्या एका शब्दावर तोलली जाऊ शकते, तेव्हा रुक्षपणा पत्करावा. कथेच्या भाषांतरात मी नेमके उलटे करेन. तेथे ‘शी हेझिटेटेड ॲट द डोअर’ हे ‘ती दाराशी घुटमळली’ असेच व्हायला हवे.

‘हेझिटेशन’ आणि ‘हेझिटन्सी’ या दोन नामांतही भेद आहे. पहिले नाम एका प्रसंगातल्या थबकण्याला लागते, दुसरे टिकून राहणाऱ्या प्रवृत्तीला. करोनाच्या साथीत ‘व्हॅक्सिन हेझिटन्सी’ हा शब्द घरोघरी पोहोचला, पण तो त्याआधीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या लसीकरणविषयक तज्ज्ञ गटाने २०१४ मध्ये त्याची व्याख्या केली होती. लसीची सेवा उपलब्ध असूनही ती स्वीकारण्यात विलंब करणे किंवा ती नाकारणे, असा तिचा आशय आहे. २०१९ मध्ये, म्हणजे करोनाच्या आधीच, संघटनेने जागतिक आरोग्याला असलेल्या दहा धोक्यांच्या यादीत ‘व्हॅक्सिन हेझिटन्सी’चा समावेश केला. त्याच तज्ज्ञ गटाने या हेझिटन्सीमागची कारणे विश्वासाचा अभाव, बेफिकिरी आणि गैरसोय अशी तीन भागांत मांडली.

या पारिभाषिक अर्थात नकारही येतो, म्हणजे तो रोजच्या अर्थापेक्षा रुंद आहे, हे लक्षात ठेवावे. ‘लसीबाबतचा संकोच’ हे भाषांतर मला म्हणूनच पटत नाही. आदिवासी पाड्यावर दारात उभ्या असलेल्या आशा कार्यकर्तीला आई ‘बघू, पुढल्या वेळी’ म्हणते तेव्हा ती लाजत नसते. मागच्या वेळी बाळाला ताप आला होता, त्या दिवशी मजुरी बुडाली होती, किंवा नवरा घरी नाही आणि सासूला विचारायचे आहे, असे काहीतरी असते. तिच्यापुरते बोलायचे तर ‘मन तयार नसणे’ हेच खरे आहे. अहवालासाठी मी ‘लसीबाबतची टाळाटाळ किंवा नकार’ असे लिहीन. ते लांब आहे, पण व्याख्येशी इमानदार आहे.

उच्चाराबद्दल थोडेसे. क्रियापदात जोर पहिल्या अक्षरावर आहे, ‘हे’वर. ‘हेझिटेशन’ या नामात मुख्य जोर ‘टे’वर सरकतो. मधला व्यंजन झाड, झरा यांतल्या ‘झ’सारखा घर्षणाचा आहे, फक्त त्यातला ‘ह’ काढून टाकायचा. मराठीत इकार जोडला की ‘झ’ तालव्य होतो, म्हणजे जीभ टाळूला लागते, झिम्मा म्हणतो तसा, त्यामुळे देवनागरीत लिहिलेला शब्द वाचताना आपली जीभ आपोआप तिकडे जाते, आणि ‘हेजिटेट’ असा उच्चार ऐकू येतो. ‘झाड’ म्हणताना जीभ जेथे असते तेथेच ती ठेवून ‘झि’ म्हणण्याचा सराव केला की हे जमते.

शेवटचा भाग प्रश्नात थेट नाही, पण तो विचारणाऱ्या बहुतेकांच्या मनात असतो: इंग्रजी बोलताना येणारे अडखळणे. भाषाशास्त्रात याचा स्वतंत्र अभ्यास झालेला आहे. मॅक्ले आणि ऑसगुड यांनी १९५९ मध्ये इंग्रजी उत्स्फूर्त बोलण्यातल्या अडखळण्याची वर्गवारी केली. शांत विराम, ‘अ’ किंवा ‘अम’ असा आवाज काढून भरलेला विराम, शब्दाची पुनरुक्ती, आणि वाक्य अर्धवट सोडून नव्याने सुरुवात असे त्यांचे प्रकार आहेत. २००२ मध्ये क्लार्क आणि फॉक्स ट्री यांनी दाखवून दिले की इंग्रजी बोलणारे ‘अ’ आणि ‘अम’ हे आवाज सारखेच वापरत नाहीत. ‘अ’नंतर बहुधा छोटा विराम येतो आणि ‘अम’नंतर मोठा, म्हणजे ऐकणाऱ्याला ‘मी थांबलो आहे, पण माझे बोलणे संपलेले नाही’ अशी सूचना मिळते. मराठी बोलताना आपणही हेच करतो. ‘अं’, ‘म्हणजे’, ‘ते आपलं हे’, ‘काय म्हणतात ते’ असे शब्द आपण वाक्यांत भरतो, आणि कोणी त्याला मराठीचा कच्चेपणा म्हणत नाही.

पेठ, सुरगाणा, बागलाण या भागांतून आलेली, मराठी माध्यमात शिकलेली मुले आपले इंग्रजी थांबत-थांबत येते म्हणून स्वतःला कमी लेखतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही थबकत बोलतात. फरक इतकाच की त्यांचे थांबणे इंग्रजी शब्दांनी भरलेले असते आणि आपल्या मुलांचे थांबणे शांततेने किंवा ‘म्हणजे’ने भरलेले असते. त्यामुळे मुलाखतीची तयारी करून घेताना मी न थांबता बोलण्याचा आग्रह धरत नाही, थांबण्यासाठीची काही वाक्ये तोंडात बसवून घेतो. प्रश्न कळला आहे पण उत्तर जुळवायचे आहे, तर ‘लेट मी थिंक फॉर अ मोमेंट’. शब्द आठवत नाही, तर ‘आय ॲम लुकिंग फॉर द राइट वर्ड’. मुद्दा अवघड आहे, तर ‘दॅट इज अ गुड क्वेश्चन’ हे घासून गुळगुळीत झालेले वाक्य टाळून सरळ ‘आय नीड अ मिनिट ऑन दॅट’. ही वाक्ये आठ-दहा दिवस मोठ्याने म्हणून, फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐकावीत. त्यांचा जोर आणि चाल एकदा बसली की विराम आला तरी घाबरायला होत नाही, आणि घाबरणे थांबले की विरामही आपोआप आखूड होत जातात.